मांडणीची जबाबदारी

हल्लीं व्यापारी कचेऱ्यांतून कोणतीही गोष्ट सांगावयाची म्हणजे ती पडद्यावर दाखवावी लागते. अशा सादरीकरणाविषयीं जो उपदेश केला जातो, त्यांत आशय ही एक वस्तु, सजावट ही दुसरी, आणि दोहोंचें प्रमाण साधलें कीं काम भागलें, असें गृहीत धरलेलें असतें. जणूं आमटींत मीठ किती घालावें एवढाच प्रश्न! मला ही समजूत मुळांतच चुकीची वाटते. पानावर वर काय आणि खालीं काय, कोणतें अक्षर मोठें आणि कोणतें बारीक, हेंही एक विधानच असतें. आणि विधान म्हटलें कीं त्याच्या खरेखोटेपणाची जबाबदारी आली.

१६ जानेवारी २००३ रोजीं अमेरिकेचें 'कोलंबिया' हें अंतराळयान उडालें. उड्डाणानंतर सुमारें ८२ सेकंदांनीं बाहेरच्या इंधनटाकीवरील हलक्या, फेसासारख्या आवरणाचा एक तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला. यान आकाशांत फिरत असतांनाच बोइंग कंपनीच्या अभियंत्यांनीं या आघाताचा अभ्यास करून आपले निष्कर्ष 'नासा'च्या अधिकाऱ्यांपुढें स्लाइडींच्या रूपानें मांडले. त्यांतील एक पान पुढें फार गाजलें. त्याचा मथळा धीर देणारा होता : पूर्वींच्या चांचण्या पाहतां, उष्णतारोधक फरशा भेदल्या जाण्याविषयींचा अंदाज सुरक्षित बाजूलाच झुकलेला आहे. मथळ्याखालीं मुद्दे, मुद्द्यांखालीं पोटमुद्दे, त्यांच्याही खालीं आणखी बारीक अक्षरें. आणि अगदीं तळाशीं हा मजकूर : प्रत्यक्ष आघात चांचण्यांच्या कक्षेबाहेरचा आहे, चांचणींतला तुकडा ३ घनइंचांचा, पंखावर आदळलेला १९२० घनइंचांचा. म्हणजे ६४० पट! मथळ्याचा आधारच कोसळला होता, आणि तें त्याच पानावर लिहिलेलें होतें.

१ फेब्रुवारीस परतीच्या वाटेवर यान टेक्ससवर मोडून पडलें. कर्नालच्या कल्पना चावला यांच्यासह सातही जण गेले. घातक भोंक फरशांत नव्हे, पंखाच्या पुढच्या कडेंत पडलें होतें. म्हणून त्या ओळी उलट क्रमानें लिहिल्या असत्या तर ते वाचले असते, असें मी म्हणत नाहीं. पण कांहीं अभियंत्यांनीं पंखाचीं छायाचित्रें मागितलीं होतीं, तीं घेतलीं गेलीं नाहींत. आणि वरिष्ठांच्या निश्चिंतपणास या पानानें टेकूच दिला. ऑगस्टमध्यें प्रसिद्ध झालेल्या चौकशी मंडळाच्या अहवालानें या पानाची स्वतंत्र दखल घेतली.

येथें सजावटीला दोष देऊन सुटका नाहीं. तें पान मुळींच नटवें नव्हतें. उलट रंगीत चित्रही खरें बोलूं शकतें. फ्लॉरेन्स नाइटिंगेल या बाईंनीं १८५८ सालीं क्रिमियाच्या युद्धांतील इंग्रज सैनिकांच्या मृत्यूंचें पाकळ्यापाकळ्यांचें चित्र प्रसिद्ध केलें : टाळतां येण्याजोग्या रोगांचे बळी निळे, जखमांचे तांबडे, इतर काळे. निळ्याचा तो अफाट पसारा पाहिला कीं शत्रूच्या गोळीपेक्षां घाणीनेंच अधिक शिपाई मारले, हें सांगावें लागत नाहीं. आणि क्षेत्रफळ कोठून मोजावें, हेंही बाईंनीं चित्राशेजारींच लिहून ठेवलें होतें. शोभेचा हेतु तेथें होताच. मंत्र्यांच्या नजरेला पडावें हाही होता. पण जें सर्वांत महत्त्वाचें, तेंच सर्वांत मोठें दिसत होतें.

'कोलंबिया'चें पान लिहिणारा म्हणूं शकेल, "मीं आंकडे दिले होते." तें खोटें ठरणार नाहीं. वरिष्ठांपुढें उभ्या राहणाऱ्या प्रत्येकास हा आडोसा ठाऊक असतो. एकदां एका संस्थेचा वार्षिक हिशेब सभेपुढें मांडतांना मींही तो घेतला. देणग्यांचा सुबक तक्ता वर काढला, आणि तुटीचा आंकडा तळटीपेंत घातला. सभा आनंदांत पार पडली, चहा झाला, कोणीं कांहीं विचारलें नाहीं. विचारलें असतें, तर तळटीपेकडे बोट दाखविण्यास मी तयार होतों.