दाखल्याचा नीलम

आपल्या मध्यम स्थितींतील घरांत नीलम या रत्नाचें नांव आजवर कांहींसें दबकूनच घेतलें जात असे. शनीचें रत्न म्हणून त्याची ख्याति; तें लाभलें तर राज्य देतें आणि न लाभलें तर होतें तेंही नेतें, असा समज. घेण्यापूर्वीं तीन रात्री उशाखालीं ठेवून स्वप्नें कशीं पडतात हें पाहावें, असें जाणतीं माणसें सांगत. या धाक घालणाऱ्या पाहुण्याचें आज निराळ्या वेषांत पुनरागमन झालें आहे. आतां त्याच्यासोबत ज्योतिषी येत नाहीं. येतो तो गुंतवणुकीचा सल्लागार. त्याच्या हातांत पंचांग नसून प्रयोगशाळेचा दाखला असतो, आणि त्याचें म्हणणें असें कीं, दाखला असलेला उत्तम नीलम आज घेऊन पंधरा-वीस वर्षें तिजोरींत ठेवावा. चांगल्या खाणी संपत आल्या आहेत, श्रीमंत वाढत आहेत, तेव्हां भाव चढल्यावांचून राहणार नाहीं.

या सल्ल्यावर लोक जो प्रश्न विचारतात तो एकच: भाव खरोखरीच चढेल काय? तो प्रश्न गैर नाहीं, आणि त्याकडे मी पुढें वळणारच आहें. परंतु त्याच्या अगोदरचा एक प्रश्न फारसा कोणी विचारीत नाहीं. जी वस्तु आपण केवळ पुढें दुसऱ्या कोणास ती हवीशी वाटेल म्हणून घेतों, ती आपल्या मालकीची झाली म्हणजे नेमकें काय झालें? आणि ती मालकी आपल्या मनास कोणती इच्छा धरावयास लावते?

प्रथम त्या वस्तूकडेच पाहूं. नीलम म्हणजे कुरुविंद. रसायनशास्त्राच्या भाषेंत ॲल्युमिनियम आणि प्राणवायु यांचा स्फटिकरूप संयोग. शुद्ध कुरुविंद रंगहीन असतो. त्यांत लोह व टायटॅनियम यांचा लेश शिरला म्हणजे तो निळा होतो, क्रोमियमचा शिरला म्हणजे तांबडा. त्या तांबड्यास आपण माणिक म्हणतों. ही घटना उलगडल्यावर ती भट्टींत घडवून आणणें फार काळ अवघड राहिलें नाहीं. फ्रान्समधील ऑग्यूस्त व्हर्नेय यानें ज्योतींत भुकटी वितळवून माणिक बनविण्याची रीत १९०२ मध्यें जाहीर केली आणि थोड्याच वर्षांत त्याच रीतीनें नीलमही बनविला. हा कृत्रिम नीलम म्हणजे रंगीत कांच नव्हे. तोच पदार्थ, तीच कठिणता, तोच रंग. तरी तो कवडीमोलानें मिळतो. तेव्हां किंमत पदार्थाची नाहीं, आणि नुसत्या रंगाचीही नाहीं, हें उघड झालें.

मग किंमत कशाची? तें समजून घेण्यास काश्मीरच्या नीलमाची हकीकत पुरेशी आहे. किश्तवाडच्या पलीकडे पाडर नांवाचें खोरें आहे. तेथील सूमजाम गांवाच्या वरच्या अंगास, सुमारें साडेचार हजार मीटर उंचीवर, १८८१ च्या सुमारास एक कडा कोसळला आणि उघड्या पडलेल्या खडकांत निळे स्फटिक दिसूं लागले. ज्यांना ते प्रथम सांपडले त्यांस त्यांचें मोल ठाऊक नव्हतें. पहिले दगड मिठाशीं वजनास वजन बदलले गेले, अशी कथा सांगतात. बातमी सिमल्याच्या जवाहिऱ्यांपर्यंत पोंचली, तेव्हां काश्मीरच्या महाराजांनीं पहाऱ्यास शिपाई पाठविले. वर्षांतून दोन-तीन महिनेच तेथलें बर्फ हटे. तेवढ्या अवधींत जें खणावयाचें तें खणीत. भारतीय भूगर्भ-सर्वेक्षण खात्याचे ला टूश १८८७ सालीं पाहणीस गेले, तों ती खाण जवळ जवळ रिकामी झालेली त्यांस आढळली. अवघा पांच-सहा वर्षांचा खेळ! पुढें पुष्कळांनीं अधूनमधून तेथें कुदळ मारून पाहिली; पण त्या पहिल्या भरासारखा माल पुन्हा निघाला नाहीं. त्या नीलमांतील अतिसूक्ष्म कणांमुळें प्रकाश विखरून मखमलीसारखी एक मृदु झांक येते, आणि जाणते तिच्यावर लुब्ध होतात. २०१५ सालीं हाँगकाँग येथील लिलांवांत २७.६८ कॅरटांचा असा एक खडा सुमारें ६७ लक्ष डॉलरांस गेला; म्हणजे साडेपांच ग्रॅम वजनाचा दगड! या पैशांत त्या निळाईचा वांटा आहेच. पण मोठा वांटा कोसळलेल्या कड्याचा आणि रिकाम्या झालेल्या खाणीचा आहे. ग्राहक येथें पदार्थापेक्षां त्या पदार्थाचा इतिहास विकत घेत असतो.

आणि इतिहास डोळ्यांना दिसत नाहीं, म्हणून दाखला. श्रीलंकेंत ‘गेउडा’ या नांवाचा दुधी, फिकट कुरुविंद मिळतो. तो पूर्वीं टाकाऊ समजत. १९७० नंतरच्या दशकांत थायलंडच्या व्यापाऱ्यांनीं तो स्वस्तांत उचलून भट्टींत सोळाशें अंशांच्या वर तापविण्यास आरंभ केला. त्या उष्णतेनें आंतील तंतु विरघळतात, त्यांतलें टायटॅनियम मोकळें होतें आणि दगड निळा होऊन बाहेर पडतो. आज बाजारांतील बहुतेक नीलम या अग्निदिव्यांतून गेलेले असतात. दोन खडे शेजारीं ठेवावे, रंग सारखा, पाणी सारखें. एक तापविलेला आणि दुसरा जसा भूमींतून निघाला तसा. दुसऱ्याची किंमत पहिल्याच्या कित्येक पट असूं शकते, आणि हा भेद सूक्ष्मदर्शकाखालीं जाणत्यासच कळतो. पुढें २००१-०२ च्या सुमारास बेरिलियमच्या साह्यानें रंग पालटलेले खडे बाजारांत आले, तेव्हां या जाणत्यांसही कांहीं काळ चकवा बसला. दोष त्यांचा नव्हे. नवी युक्ति अगोदर जन्मते आणि तिची परीक्षा मागाहून. म्हणूनच चांगली प्रयोगशाळा आपल्या कागदावर स्पष्ट लिहिते कीं, खड्याच्या जन्मस्थानाविषयींचें विधान हें आमचें मत आहे. एकाच खड्यास दोन प्रयोगशाळांनीं दोन देश दिल्याचीं उदाहरणें आहेत. किंमत तर तो कागद सांगतच नाहीं. सांगतो तो विक्रेता, कागदावर बोट ठेवून.

यावरून कोणी असें अनुमान काढील कीं, न दिसणाऱ्या गुणासाठीं पैसे मोजणें हा निव्वळ मूर्खपणा होय. मला तें मान्य नाहीं. मोडी कागदाची अस्सल प्रत आणि तिची हुबेहूब नक्कल यांत वाचणाऱ्या डोळ्यांना भेद नसतो. तरी अस्सल कागद हातांत घेतांना इतिहासाच्या अभ्यासकाचा हात थरथरतो, आणि तें थरथरणें खोटें नसतें. जो हिमालयाच्या उदरांत, मनुष्याच्या भट्टीचा स्पर्श न होतां घडला, तो खडा पाहून ज्याचें मन असेंच हलतें, त्यानें त्यासाठीं आपल्या ऐपतीप्रमाणें द्रव्य वेंचलें तर तें वाया गेलें असें मी म्हणणार नाहीं. त्यानें इतिहास घेतला आणि इतिहासाचा उपभोग घेतला. व्यवहार पुरा झाला. अडचण आहे ती दुसऱ्याच मनुष्याची.

माझे एक स्नेही, गणिताचे निवृत्त प्राध्यापक, यांनीं निवृत्तीच्या वेळीं हातीं आलेल्या रकमेचा एक भाग अशा नीलमांत घातला. एके संध्याकाळीं त्यांनीं तो मला दाखविला. दाखविला म्हणजे काय, पारदर्शक प्लॅस्टिकच्या मोहोरबंद पाकिटांत खडा आणि दाखला शेजारीं शेजारीं होते. दिव्यापाशीं नेलें तरी प्लॅस्टिकचीच चकाकी अधिक. मीं म्हटलें, “जरा बाहेर तरी काढा.” ते घाईनें म्हणाले, “छे, छे! मोहोर मोडली तर व्यापारी परत घेणार नाहीं. तशी अटच आहे.” त्यांच्या पत्नी दारांत उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “भाऊजी, आमच्याकडे आला तेव्हांपासून तो असाच आहे. मीं अजून त्याला बोट लावलेलें नाहीं.”

उत्तर अमेरिकेंत अशाच मोहोरबंद रत्नांची दूरध्वनीवरून विक्री करून पुष्कळांस नागविण्यांत आलें, आणि सरकारला लोकांस जाहीर इशारे द्यावे लागले. माझ्या स्नेह्यांचा व्यापारी त्या पंथाचा आहे असें मला सुचवावयाचें नाहीं. तो प्रामाणिक असेल, आणि दाखलाही खरा असेल. तसें धरूनच विचार करूं.

व्यवहाराचा भाग थोडक्यांत आटपतों. सोनें बायका अंगावर वागवितात, आणि अडचण आली म्हणजे सराफ तें कांट्यावर घालून त्या दिवसाच्या भावानें पैसे देतो; सोन्याचा एक ग्रॅम दुसऱ्या ग्रॅमासारखाच असतो. नीलमाला असा भाव नाहीं. प्रत्येक खडा एकटाच, आणि त्याची किंमत म्हणजे समोर उभ्या राहिलेल्या गिऱ्हाइकाची हौस. घेतांना आपण दुकानदाराच्या किंमतीनें घेतों, विकतांना व्यापाऱ्याच्या किंमतीनें विकतों. मधली दरी भरून काढण्यांतच कित्येक वर्षें जातात, आणि त्या वर्षांत खडा व्याज देत नाहीं कीं भाडें देत नाहीं. शिवाय दुर्मिळतेचा भरंवसा किती धरावा हें मोत्यांनीं दाखवून ठेवलें आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीं मोतीं हीं रत्नांत राणी होतीं. इराणी आखाताचीं मोतीं वेज पाडून निवडण्यासाठीं आपल्या मुंबईस येत, आणि त्या धंद्यावर शहरांत मोठमोठ्या पेढ्या उभ्या होत्या. १९१७ सालीं न्यूयॉर्कला फिफ्थ ॲव्हेन्यूवरील एक प्रासादतुल्य घर कार्टिए या जवाहिऱ्यानें दहा लक्ष डॉलर किंमतीच्या दुपदरी मोत्यांच्या कंठ्याच्या मोबदल्यांत घेतलें. पुढें जपानी पद्धतीनें शिंपल्यांत वाढविलेलीं मोतीं बाजारांत आलीं, मागोमाग १९२९ ची मंदी आली, आणि तोच कंठा १९५७ सालीं सुमारें दीड लक्ष डॉलरांस विकला गेला. घर मात्र अजून उभें आहे. नैसर्गिक मोत्यांना नंतर पुन्हा दिवस आले हें खरें. पण तोंपर्यंत पहिले मालक वाट पाहण्यास राहिले नव्हते.

आतां माझ्या मूळ प्रश्नाकडे येतों, कारण भाव चढला तरी तो सुटत नाहीं. समजा, उद्यां पाडरच्या खोऱ्यांत आणखी एक कडा कोसळला आणि पूर्वींच्याच तोडीचा नीलम घमेल्यांनीं निघूं लागला. ज्याला ती निळाई प्रिय आहे त्याला ही वार्ता ऐकून आनंद होईल. जगांत सुंदर वस्तु एकाच्या शंभर झाल्या. भूगर्भशास्त्रज्ञाला होईल, डोंगरांतल्या गरीब माणसालाही होईल. दुःख होईल तें तिजोरींत खडा ठेवून बसलेल्यास. हें नुसतें कल्पनेंतलें नाहीं. १९९८ च्या सुमारास मादागास्करांत इलाकाका या रस्त्याकडेच्या वस्तीजवळ नीलम सांपडले आणि पाहतां पाहतां तेथें हजारों लोकांचें गांव वसलें. फावडीं घेऊन, हातानें खोल खड्डे खणणारे ते लोक. माती अंगावर ढासळून त्यांत माणसें दडपलीं जातात. त्यांच्या पोटाला मिळालेला तो घास, आणि जगाच्या दुसऱ्या टोंकाला कोणा गुंतवणूकदाराला पडलेली ती चिंता!

मला असें वाटतें कीं, गुंतवणुकीखातर घेतलेल्या सौंदर्यवस्तूची खरी अडचण येथें आहे. ती फसवणूक नव्हे, जुगारही नव्हे. लपविण्यासारखें तींत कांहीं नाहीं. पण ती धरून बसणारा मनुष्य रोज, नकळत, जगाचें थोडें वाईट चिंतीत असतो: खाण आटावी, नवी सांपडूं नये, दुसऱ्याचा खडा भट्टींतला निघावा. शेतांत किंवा कारखान्यांत पैसा घालणाऱ्यानें पीक यावें, माल निघावा, अशी इच्छा धरावी हें त्याच्या हिताचेंच असतें. दुष्काळांत धान्य दडविणाऱ्याची इच्छा मात्र उलट असते. नीलमावांचून कोणी उपाशी मरत नाहीं, तेव्हां ही तुलना फार ताणणें न्यायाचें होणार नाहीं. तथापि मनाचा कल दोन्हीकडे एकच. आणि त्या सुंदर दाखल्यावर खड्याला किती उष्णता लागली याचा शोध असतो. खणणाऱ्याच्या हातांस काय लागलें याविषयीं अक्षर नसतें. तें प्रयोगशाळेचें काम नव्हे, हें मला कळतें. मग तें कोणाचें?

हें सर्व मीं माझ्या स्नेह्यांस जवळ जवळ याच शब्दांत सांगितलें. ते मुळांत गणिती, शांतपणें ऐकून त्यांनीं विचारलें, “ठीक आहे, पण आतां मीं करावें काय? विकूं, कीं ठेवूं?” मीं म्हटलें, “मोहोर मोडा, खडा अंगठींत बसवा आणि वहिनींच्या बोटांत घाला. मग भाव चढो कीं पडो.” त्यावर ते हंसले आणि मोहोर मोडल्यानें किती टक्के नुकसान होईल याचा हिशेब त्यांनीं मला तेथल्या तेथें करून दाखविला. हिशेबांत चूक नव्हती. वहिनी चहाचे पेले उचलीत होत्या. त्या कांहीं बोलल्या नाहींत. व्यापाऱ्यानें परत घेण्याची जी मुदत घातली आहे ती येत्या मार्चअखेर संपते. पाकीट अद्याप बंद आहे.