यंत्राचा हात आणि मनुष्याचा जबाब

गेल्या वर्षी कापसाची वेचणी संपत आली असता आमच्या नांदुऱ्यातील एक वयस्क गृहस्थ संध्याकाळी माझ्या घरी आले. त्यांचे वय साठीच्या पुढे आहे. तरुणपणी त्यांनी जिनात हमाली केली, आणि पुढे तीन एकर जमिनीत कापूस व तूर पिकवून मुलांस शिकविले. ओट्यावर बसताना त्यांनी एका हाताने भिंत धरिली व दुसरा हात कमरेवर ठेविला, तेव्हाच त्यांच्या येण्याचे कारण मला कळले. कमरेपासून पोटरीपर्यंत कळ उतरत होती. दोनशे पावले चालले की खाली बसावे लागत होते. आणि कोणी तरी त्यांस "मणक्यात गॅप आहे" असे सांगितले होते. ते म्हणाले, "पाळकसाहेब, मोठ्या शहरात आता यंत्र पाठीचे ऑपरेशन करते म्हणतात. माणसाचा हात थरथरतो, यंत्राचा थरथरत नाही. दोन एकर विकले तर पैसा उभा राहील. विकू काय?"

मी त्या वेळी उत्तर दिले नाही, कारण मजजवळ उत्तर नव्हते. त्यानंतर ह्या विषयावर जे वाचिले, जाणत्या लोकांस जे विचारिले आणि मनाशी जो विचार केला, तो वाचकांपुढे ठेवितो. काकांच्या त्या एका प्रश्नात वस्तुतः दोन प्रश्न आहेत. पहिला यंत्राविषयीचा आहे, व त्याचे उत्तर ज्ञानाने मिळते. दुसरा नीतीचा आहे : आपला देह दुसऱ्याच्या हाती सोपविताना आपण विश्वास नेमका कोणावर ठेवितो, आणि त्या विश्वासाचा जबाब कोणी द्यावयाचा?

प्रथम यंत्राविषयी. 'रोबोट' हा शब्द कारेल चापेक ह्या चेक लेखकाच्या १९२० सालच्या एका नाटकातून जगभर पसरला, आणि चेक भाषेतील ज्या शब्दावरून तो बनला त्याचा अर्थ 'वेठ' असा आहे. वेठीचा मजूर सांगितले तेवढे करितो. ते काम करावे की न करावे, हे तो ठरवीत नाही. एवढे ध्यानात ठेविले म्हणजे पुढील गोष्ट समजण्यास सोपी जाते. १९८५ साली अमेरिकेत, कारखान्यातील कामासाठी घडविलेल्या एका यांत्रिक बाहूच्या साहाय्याने मेंदूत तपासणीची सुई नेमक्या जागी नेण्यात आली; शस्त्रक्रियेत अशा यंत्राचा उपयोग होण्याचे हे अगदी आरंभीचे उदाहरण होय. पुढे इस्राएल देशातील माझोर नावाच्या कंपनीने खास पाठीच्या कण्यासाठी एक यंत्र केले, व २००४ साली त्यास अमेरिकेत परवानगी मिळाली. सांप्रत अशी यंत्रे अनेक कंपन्या करितात, आणि आपल्या देशातही मोठ्या शहरांतील काही रुग्णालयांत ती आहेत.

हे यंत्र करिते तरी काय? आपल्या प्रत्येक मणक्यास मागील अंगाला हाडाचे दोन आखूड, अरुंद खांब असतात. दोन मणके एकमेकांस जोडावयाचे झाल्यास ह्या खांबांतून स्क्रू घालून ते सळईने बांधावे लागतात. खांबाच्या अगदी लगत नसा असतात. म्हणून स्क्रू काही मिलिमीटर जरी भलतीकडे गेला तरी नसेस इजा होण्याचे भय असते. यास्तव आधी सीटी स्कॅन काढून, प्रत्येक स्क्रू कोठून, कोणत्या दिशेने व किती खोल जावा, हे शस्त्रवैद्य संगणकावर ठरवितो. शस्त्रक्रियेच्या खोलीत ते चित्र व रोग्याचा प्रत्यक्ष देह ह्यांचा मेळ घालितात. मग यंत्राचा बाहू ठरलेल्या जागी येऊन एक नळी स्थिर धरितो, आणि त्या नळीतून हाडास भोक पाडणे व स्क्रू बसविणे हे काम सामान्यतः शस्त्रवैद्य आपल्या हाताने करितो. दबलेली नस मोकळी करण्याचे नाजूक काम तर बहुधा त्याच्याच हाताचे असते. तेव्हा "यंत्र ऑपरेशन करते" हे म्हणणे बरोबर नव्हे. गवंड्याचा ओळंबा भिंत बांधीत नाही. तो गवंड्यास सरळ रेषा दाखवितो. तसेच हे आहे.

परंतु ओळंब्याची दोरी जेथे अडकविली ती खुंटीच हलली तर? मग ओळंबा खोटे बोलत नाही, तरी भिंत वाकडी होते. येथेही तसे होऊ शकते. चित्र व देह ह्यांचा मेळ चुकला, रोग्याचे अंग किंवा खुणेसाठी हाडास बसविलेली चौकट सरकली, किंवा हाडाच्या उतारावरून अवजार घसरले, तर यंत्र चुकीच्या जागीही तितक्याच स्थिरपणे उभे राहते. जर्मनीत ह्याची रीतसर परीक्षा झाली, ती २०१२ साली प्रसिद्ध झाली. साठ रोग्यांपैकी काहींचे स्क्रू यंत्राच्या साहाय्याने व काहींचे नेहमीच्या रीतीने हातांनी बसविले. हातांनी बसविलेल्यांपैकी शेकडा ९३ स्क्रू नीट बसले, आणि यंत्राच्या साहाय्याने बसविलेल्यांपैकी शेकडा ८५. पुढे यंत्रे सुधारली. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या चीनमधील एका मोठ्या परीक्षेत यंत्राच्या साहाय्याने शेकडा ९५ स्क्रू पूर्णपणे हाडाच्या आत बसले, व दुसऱ्या रीतीने शेकडा ८६. ह्यावरून यंत्र निरुपयोगी आहे असे कोणी म्हणू नये. ते न चुकणारे आहे असेही म्हणू नये. आणि स्क्रू नेमका बसणे ही एक गोष्ट, व रोग्याची पाठ दुखावयाची थांबणे ही दुसरी. पहिलीवरून दुसरी आपोआप सिद्ध होत नाही.

आता रोग्याने काय अपेक्षा धरावी? शस्त्रक्रियेपूर्वी रक्त, हृदय व साखर ह्यांची तपासणी होते. पूर्ण भूल देऊन पालथे निजवितात, व कामाच्या मानाने काही तास लागतात. यंत्राच्या साहाय्याने कित्येकदा जखमा लहान ठेविता येतात, व मग रक्तही कमी जाते. पुष्कळ रोग्यांस दुसऱ्याच दिवशी आधार देऊन उभे करितात. हे पाहून नातेवाइकांस वाटते की मनुष्य बरा झाला. तथापि मणके हाडाने हाडास जुळून येण्यास कित्येक महिने लागतात, आणि ते काम कोणतेही यंत्र करीत नाही. ते देह आपल्या गतीने करितो. त्या काळात वाकून ओझे उचलणे वर्ज्य असते. तंबाखूतील निकोटिन हाड जुळण्यास अडथळा करिते, म्हणून बिडी व चुना-तंबाखू सोडावीच लागते. जखमेत पू होणे, नसेस इजा होणे, स्क्रू सैल पडणे, क्वचित पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागणे, ही भये यंत्राने नाहीशी होत नाहीत. पायात उतरणारी कळ पुष्कळदा चांगली थांबते. कमरेचे जुने दुखणे मात्र थोडेबहुत राहू शकते. हे सर्व आधी सांगितलेले असेल तर रोगी धीराने सोसतो. आधी न सांगितले तर तेच दुःख त्यास फसवणूक वाटते.

परंतु ह्या सर्वांच्या आधीचा प्रश्न असा की, शस्त्रक्रिया हवी आहे काय? पाठदुखीच्या बहुतेक रोग्यांस ती लागत नाही. सरकलेल्या गादीमुळे पायात आलेली कळही पुष्कळांची काही आठवड्यांत औषध, चालणे व व्यायाम ह्यांनी उतरते. उलटपक्षी, पाय लुळा पडू लागणे, जांघांच्या मध्ये बधिरता येणे, लघवी वा शौचावरचा ताबा जाणे, ही लक्षणे दिसताच एक दिवसही घरी थांबू नये. रात्री वाढणारे दुखणे, ताप व वजन घटणे ही असल्यास मणक्याच्या क्षयाची शंका घ्यावी. तो आपल्या देशात दुर्मीळ नाही, त्याचे मुख्य औषध गोळ्या हेच आहे, व त्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. म्हणजे एकाच कमरेच्या दुखण्यात एकास धीर हवा, दुसऱ्यास त्वरा हवी व तिसऱ्यास गोळ्या हव्यात. हा भेद कोण करील? तो यंत्र करीत नाही. त्यासाठी रोग्यास चालवून पाहणारा, त्याची हकिकत शेवटपर्यंत ऐकणारा मनुष्य लागतो. आपल्याच विदर्भात गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग ह्यांच्या 'सर्च' संस्थेने खेड्यांतील पाठदुखी हा विचार करण्याजोगा रोग मानिला, आणि मुंबईचे डॉ. शेखर भोजराज ह्यांच्या स्पाइन फाउंडेशनचे शस्त्रवैद्य तेथे जाऊन रोगी तपासू लागले. माझ्या मते कोणत्याही यंत्राइतकीच ही गोष्ट मोलाची आहे. कारण शेतात व ओझ्याखाली वाकलेल्या पाठीची दखल घ्यावी, असे तेथे कोणास तरी वाटले.

आता नीतीच्या प्रश्नाकडे येऊ. काकांचा विश्वास यंत्रावर बसला, तो ते थरथरत नाही म्हणून. पण थोडा विचार केला तर कळेल की, ज्यास जबाब देता येतो त्याच्यावरच विश्वास ठेविता येतो. विहिरीच्या दोरावर आपण भार टाकितो. तो तुटला तर दोरास दोष देत नाही, तो न पाहता लावणारास देतो. यंत्र भार सोसते. वचन देत नाही. वचन देतो तो शस्त्रवैद्य : मी तुझी हकिकत ऐकिली आहे, तुला ह्याची गरज आहे असे मला वाटते, धोका हा असा आहे, आणि जे होईल त्याला मी जबाबदार राहीन. जो डॉक्टर एवढे बोलतो तो यंत्रासह किंवा यंत्रावाचून विश्वासास पात्र आहे. जो हे न बोलता केवळ यंत्राचे नाव पुढे करितो, त्याच्यापुढे रोग्याने क्षणभर थांबावे.

कोणी म्हणेल, "आम्ही अडाणी माणसे, डॉक्टरास प्रश्न विचारणे हा त्यांचा अपमान नव्हे काय?" मी म्हणतो, नव्हे. बैल घेताना आपण त्याचे दात पाहतो, चालवून पाहतो, चार जणांस विचारितो. आणि आपली पाठ देताना मुकाट राहावे, ह्यास नम्रता म्हणत नाहीत. शस्त्रक्रिया केली नाही तर काय होईल? दुसरा उपाय करून पाहिला आहे काय? माझ्या दुखण्यात स्क्रू लागतात काय, व लागत असल्यास यंत्राने मला कोणता लाभ? अशी शस्त्रक्रिया आपण किती केल्या? एकंदर खर्च किती, व महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ही बसते काय? हे पाच प्रश्न कागदावर लिहून न्यावे. चांगला डॉक्टर ह्यांनी रागावत नाही. त्याचे काम उलट हलके होते.

आणखी एक गोष्ट. दोन एकर जमीन ही एकट्या काकांची नाही. तिच्यात त्यांच्या पत्नीची म्हातारपणची भाकर आहे. बुरूज बांधण्यापूर्वी बसून खर्चाचा हिशेब करणाऱ्या मनुष्याचा दृष्टांत आपण सर्व जाणतो. देहासाठी जमीन विकणे पाप नव्हे; कित्येकदा ते कर्तव्यच असते. पण भयाने किंवा ऐकीव गोष्टीवरून विकणे हा शहाणपणा नव्हे, आणि घरातील माणसांस न विचारता विकणे हा अन्याय होय.

असो. काकांस घेऊन मी सकाळच्या गाडीने अकोल्यास एका मणक्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी काकांस टाचांवर चालविले, चवड्यांवर चालविले, चित्रे उजेडास धरून पाहिली, आणि म्हणाले, "काका, तुमची नसांची वाट अरुंद झाली आहे, पण पायात जोर आहे. आज शस्त्रक्रिया नको. पुढे लागलीच तर वाट मोकळी करावी लागेल. स्क्रू घालावे लागतील असे मला दिसत नाही. स्क्रू नाहीत तेथे त्या यंत्राला काय काम?" काका बराच वेळ गप्प बसले. मग त्यांनी विचारिले, "आणि लागली तर कोण करील?" डॉक्टर म्हणाले, "मी करीन, आणि बिघडले तर तुम्ही मलाच विचाराल."

काकांचे दुखणे गेलेले नाही. ते व्यायाम करितात, तंबाखू पुष्कळ कमी केली आहे, आणि मंदिरात येताना वाटेत दोनदा बसतात. पुढे शस्त्रक्रिया लागेलही. तेव्हा आम्ही पुन्हा त्याच गाडीने जाऊ. जमीन मात्र अद्याप त्यांच्या नावावर आहे, आणि यंदाही तीत तूर उभी आहे. माझी मंडळीतील तरुणांस एवढीच विनंती आहे की, आपल्या वृद्धांस दवाखान्यात एकटे पाठवू नका. त्यांच्याबरोबर जा, प्रश्नांचा कागद खिशात ठेवा, आणि ते विचारण्यास लाजले तर त्यांच्या वतीने तुम्ही विचारा.