सक्तीचा संयम आणि बुद्धीचा संयम

मनुष्याने एखादी गोष्ट सोडली हे जगाला दिसते. ती त्याने कोणत्या हेतूने सोडली हे दिसत नाही. एकाच दिवशी दोन घरी चूल पेटत नाही. एका घरी धान्य नसते, दुसऱ्या घरी व्रत असते. दोन्ही घरची ताटे सारखीच रिकामी. तथापि त्या दोन उपवासांचे मोल एक नव्हे, हे कोणीही सांगेल. हाच जुना विवेक आजच्या काळातील एका व्यवहाराला लावून पाहण्याचे या लेखात योजिले आहे. तो व्यवहार म्हणजे मोटार हाकण्याचा. पेट्रोल महाग झाले की मोटारीची हौस बाळगणारा मनुष्य आपली गाडी चालविण्याची रीत बदलतो, वेग आवरतो, फेऱ्या कमी करतो. या बदलाला संयम म्हणावे काय?

प्रथम वस्तुस्थिती पाहू. आपल्या देशात पेट्रोलच्या दरावरील सरकारी नियंत्रण जून २०१० मध्ये उठविण्यात आले, आणि १६ जून २०१७ पासून देशभर हे दर रोजच्या रोज ठरू लागले. १७ फेब्रुवारी २०२१ रोजी राजस्थानातील श्रीगंगानगर येथे साधे पेट्रोल लिटरला १०० रुपयांच्या पुढे गेले. २९ मे रोजी मुंबईत व ७ जुलै रोजी दिल्लीत तेच घडले. एप्रिल २०२२ मध्ये मुंबईचा दर १२० रुपयांवर पोहोचला होता. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलाचा चार-पंचमांशाहून अधिक भाग परदेशातून येतो. त्यामुळे दूरच्या देशात युद्ध पेटले की त्याची झळ आपल्या गावच्या पेट्रोल पंपापर्यंत येते.

ज्याला मोटार हे केवळ कचेरीस जाण्याचे साधन आहे, तो अशा वेळी बस किंवा आगगाडी धरतो आणि प्रश्न मिटतो. हौशी मनुष्याचे तसे नसते. त्याला गाडी कोठे तरी पोहोचण्यासाठी नको असते. चालविणे हाच त्याचा आनंद असतो. रविवारी पहाटे उठून घाट चढावा, वळणावर योग्य क्षणी गिअर बदलावा, इंजिनाचा स्वर ऐकावा, यातच त्याचे मन रमते. पेट्रोल महागले की दर रविवारचा घाट महिन्यातून एकदा येऊ लागतो. चार मित्र चार गाड्यांतून निघत, ते एका गाडीत बसतात. टाकी काठोकाठ भरून, किलोमीटर मोजून, पुन्हा टाकी भरून ‘ॲव्हरेज’ काढण्याचा नवाच नाद लागतो. चाकांतील हवा वेळच्या वेळी पाहिली जाते, टपावरील रिकामा कॅरिअर उतरविला जातो, आणि ॲक्सिलरेटरवरील पाय हलका होतो.

यातील प्रत्येक उपायामागे निसर्गाचा नियम आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८० किलोमीटरऐवजी १२० किलोमीटरने गेल्यास वेग दीडपट होतो, पण हवेचा विरोध सव्वादोनपट होतो. तसेच पेट्रोल जाळून मिळविलेली गती ब्रेक दाबताच उष्णता होऊन व्यर्थ जाते. म्हणून पुढचा सिग्नल दुरूनच ओळखून जो आधीच पाय काढतो, तो थोडक्या इंधनात अधिक अंतर जातो. म्हणजे काटकसरीने गाडी चालविण्यासाठी रस्त्याकडे अखंड अवधान ठेवावे लागते. हे अवधान चांगलेच आहे. अपघात टळतात, धूर कमी होतो, देशाचे परकीय चलन वाचते.

येथे कोणी शंका घेईल: परिणाम इतका चांगला असताना हेतूची चिकित्सा कशाला? वेग कमी झाला, पेट्रोल वाचले. ते दराच्या भयाने वाचले की विवेकाने, याच्याशी जगाला काय कर्तव्य?

शंका रास्त आहे, आणि तिचे उत्तर इतिहासच देतो. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब राष्ट्रांनी तेलाची नाकेबंदी केली, आणि काही महिन्यांतच कच्च्या तेलाचा भाव सुमारे चौपट झाला. हॉलंड व पश्चिम जर्मनी या देशांनी त्या वर्षी नोव्हेंबरपासून काही रविवार मोटारींना रस्ते बंद केले. ज्या हमरस्त्यांवर गाड्या भरधाव धावत, तेथे लोक पायी व सायकलीने फिरू लागले. अमेरिकेने जानेवारी १९७४ मध्ये कायदा करून देशभर ताशी ५५ मैलांची, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटरची, वेगमर्यादा घातली. पुढे १९८६ मध्ये तेलाचे भाव कोसळले. १९८७ मध्ये ती मर्यादा सैल झाली आणि १९९५ मध्ये उठविण्यात आली.

दुसरे उदाहरण २००८ सालचे. त्या उन्हाळ्यात अमेरिकेत पेट्रोल गॅलनला चार डॉलरांवर गेले. थेंबाथेंबाचा हिशेब ठेवून गाडी चालविण्याच्या कलेचा तेथे इतका बोलबाला झाला की, ‘हायपरमायलिंग’ हे तिचे नाव एका मान्यवर अमेरिकन शब्दकोशाने त्या वर्षाचा शब्द म्हणून निवडले. पण जुलैमध्ये पिंपाला १४७ डॉलरांपर्यंत चढलेले कच्चे तेल डिसेंबरात ४० डॉलरांच्या खाली आले, पेट्रोल दोन डॉलरांखाली उतरले, आणि पुढील वर्षांत अवजड गाड्यांचा षौक तेथे पुन्हा फोफावला. जो संयम भावाने आणला, तो भावाबरोबरच गेला. जगाला हेतूशी कर्तव्य आहे ते याचसाठी. हेतू हे मूळ आहे. मूळ नसलेले झाड पहिल्या पावसापर्यंतच हिरवे दिसते.

गीतेने हे मर्म अचूक ओळखले आहे. दुसऱ्या अध्यायाच्या ५९व्या श्लोकाचा भाव असा की, निराहार राहणाऱ्या मनुष्यापासून विषय दूर होतात, परंतु त्यांची गोडी आत शिल्लक राहते. ती अधिक श्रेष्ठ असे काही दिसल्यावरच जाते. अठराव्या अध्यायाच्या ८व्या श्लोकात क्लेशाच्या भयाने केलेल्या त्यागाला राजस म्हटले आहे व त्याला त्यागाचे फळ नाही असे सांगितले आहे. तेथे विषय कर्तव्यकर्माच्या त्यागाचा आहे हे खरे. परंतु त्यागाची किंमत त्यामागील बुद्धीवरून ठरवावी, हे तत्त्व येथेही लागू पडते. कर्मापेक्षा कर्त्याची बुद्धी श्रेष्ठ हा विचार लोकमान्य टिळकांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त विस्ताराने प्रतिपादिला आहे. खिशाच्या भयाने पाय आवरणारा चालक मनाने ताशी १२० च्या वेगानेच धावत असतो. कर्मेंद्रिय आवरले आहे, मन आवरलेले नाही.

इतकेच नव्हे, तर विवेकावाचून आलेली काटकसर अधर्मालाही प्रवृत्त होते. पैसे वाचावेत म्हणून काही जण घाट उतरताना इंजिन बंद करतात. त्यामुळे स्टिअरिंग जड होते, आणि काही वेळा दाबल्यावर ब्रेकला मिळणारे इंजिनाचे साहाय्यही नाहीसे होते. काही जण हवेचा विरोध चुकविण्यासाठी धावत्या ट्रकच्या अगदी पाठीशी चिकटून जातात. वस्तुतः आजच्या बहुतेक मोटारींत, उतारावर गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की इंधनाचा पुरवठा आपोआप थांबतो. इंजिन बंद करून वाचण्यासारखे फारसे काही उरतच नाही. चार आण्यांच्या मोहाने स्वतःचा व परक्याचा जीव पणाला लावणे याला संयम कोण म्हणेल? लोभानेच येथे संयमाचा वेष घेतलेला असतो.

आता प्रश्नाच्या गाभ्याकडे वळू. दराचा चाबूक सर्वांच्या पाठीवर सारखा बसत नाही. रिक्षावाल्याच्या दिवसाच्या कमाईतून तो घास काढून घेतो. भाजी वाहणाऱ्या टेम्पोवाल्याला तो बेजार करतो. ज्याच्यापाशी विपुल धन आहे त्याला मात्र तो स्पर्शही करीत नाही. दर कितीही चढो, तो पूर्वीच्याच वेगाने घाट चढतो. त्याला हटकले तर तो म्हणतो, “पैसा माझा, गाडी माझी, कर मी भरतो; मग कोणाचे काय गेले?” दराने मनुष्य सुधारतो असे मानणाऱ्यांपाशी या प्रश्नाला उत्तर नाही, कारण दराची सर्व अट त्याने पुरी केली आहे. उत्तर द्यायचे तर ते धर्मानेच दिले पाहिजे.

त्याने पैसे कशाचे दिले? तेल विहिरीतून उपसण्याचे, वाहून आणण्याचे, शुद्ध करण्याचे, व्यापाऱ्याच्या नफ्याचे आणि सरकारी कराचे. परंतु ते तेल घडले कसे? कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रातील सूक्ष्म जीवांनी जो सूर्यप्रकाश साठविला, तोच भूमीच्या पोटात दबून व तापून तेल झाला. त्या कालावधीचे बिल कोणी दिलेले नाही व कोणाला देताही येणार नाही. एका लिटर पेट्रोलातील ऊर्जा ही एका कष्टकऱ्याच्या सुमारे पंधरा दिवसांच्या अंगमेहनतीइतकी भरते. आणि ते जळल्यावर सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, जी हवा सर्वांची आहे आणि अद्याप न जन्मलेल्यांचीही आहे. तिसऱ्या अध्यायाच्या १२व्या श्लोकात, मिळालेल्या दानाची फेड न करता जो एकटाच उपभोग घेतो त्याला गीतेने चोर म्हटले आहे. ती चोरी कायद्यातील नव्हे, यज्ञचक्रातील आहे. पावती हातात असूनही मनुष्य या अर्थी चोर ठरू शकतो, हे श्रीमंत हौशी मनुष्याने शांतपणे विचारात घ्यावे. ज्याला दर आवरू शकत नाही, त्याच्यावरच स्वतःला आवरण्याची जबाबदारी सर्वांत अधिक येते.

मग मोटारीची हौस हे पाप समजावे काय? नाही. सहाव्या अध्यायातील १६ व १७ या श्लोकांत अतिभोजनाप्रमाणे अतिउपवासही योगाला बाधक ठरविला आहे. आहार आणि विहार युक्त, म्हणजे बेताचा व योग्य, असावा एवढीच मागणी आहे. विहार या शब्दात रविवारचा घाटही आला. यंत्र समजून घेणे, हात, पाय आणि दृष्टी यांचा मेळ साधणे हा निर्मळ आनंद आहे. भगवंताने स्वतः युद्धभूमीवर पत्करले ते काम सारथ्याचे होते, हे विसरू नये. आक्षेप रथाला नाही. लगाम सुटलेल्या घोड्यांना आहे.

आणि येथेच महागाईचा एक उपकारही मान्य करावा लागतो. सक्तीने सुरू झालेली गोष्ट सक्तीतच संपली पाहिजे असे नाही. दराच्या भयाने ज्याने पाय हलका केला, त्याला काही आठवड्यांनी एक वेगळाच अनुभव येऊ लागतो. रस्ता अधिक दूरवर दिसतो. ब्रेक क्वचितच लागतो. बाजूच्याने पुढे काढले तर मनात चीड उठत नाही. प्रवासाअंती शरीर थकलेले नसते. जोराने चालविण्यापेक्षा हळुवार चालविण्याला अधिक कौशल्य लागते, हे हौशी मनुष्याइतके दुसऱ्या कोणाला कळणार? प्रारंभी विषासारखे वाटणारे आणि परिणामी अमृतासारखे होणारे सुख सात्त्विक, असे अठराव्या अध्यायाच्या ३७व्या श्लोकात सांगितले आहे. या श्रेष्ठ सुखाची चव लागली म्हणजे वेगाची जुनी गोडी आपोआप फिकी पडते. दराने दार उघडले. आत जायचे की उंबऱ्यावरून परतायचे, हे मात्र ज्याचे त्याने ठरवायचे.

आपण आत गेलो की नाही, हे ओळखण्याची खूण सोपी आहे. उद्या पेट्रोल निम्म्या दराने मिळू लागले, तर माझा पाय आजच्याइतकाच हलका राहील काय? पेट्रोलचे पैसे दुसरा देत असेल, गाडी कंपनीची असेल, तर मी असाच चालवीन काय? आणि विजेवर चालणारी गाडी घेतल्यावर, किलोमीटरचा खर्च अल्प आहे म्हणून मी दुप्पट फिरू लागेन काय? १८६५ साली विल्यम स्टॅनले जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने कोळशाविषयी असे दाखविले की, यंत्रे काटकसरी झाली म्हणून कोळशाचा एकूण खप घटत नाही, उलट वाढतो. यंत्र सुधारले तरी तृष्णा सुधारत नाही. तिचा इलाज कारखान्यात नाही, अंतःकरणात आहे.

शेवटी, हौशी मनुष्यावर आणखी एक जबाबदारी येते. शेजारी गाडी घेतात तेव्हा त्यालाच विचारतात. तरुण मुले गाडी शिकतात ती त्याच्याकडे पाहून. श्रेष्ठ जे आचरतो तेच इतर आचरतात, हा तिसऱ्या अध्यायाच्या २१व्या श्लोकातील इशारा राजालाच लागू आहे असे नाही. आपापल्या क्षेत्रात प्रत्येक जाणता मनुष्य श्रेष्ठच असतो. त्याने वेगाची फुशारकी सांगितली तर दहा तरुण वेगाकडे धावतील. त्याने अवधानाची व जपून चालविण्याची गोडी सांगितली तर तेच दहा जण तिकडे वळतील. हाही लोकसंग्रहच होय.

पेट्रोलचा दर चढेल आणि उतरेलही. तो कोणाच्या हातात नाही. पायाखालचा ॲक्सिलरेटर मात्र आपल्या स्वाधीन आहे. जो दराने आवरला जातो तो पराधीन. जो दर नसतानाही स्वतःला आवरतो त्याच्याच हाती खरोखर गाडी असते. वाचकांनी आपल्या पुढच्या प्रवासात एवढे एक अंतर तरी, खिशाचा विचार बाजूला ठेवून, या बुद्धीने चालवून पाहावे.