पिलांसाठी पिले

गेल्या पावसाळ्यात आमच्या घरी एक लहानशी गोष्ट घडली. गोष्ट तशी क्षुल्लकच. परंतु तिने उभा केलेला प्रश्न अद्याप आमच्या मनातून गेलेला नाही, म्हणून तो वाचकांपुढे मांडण्याचे धाडस करीत आहोत.

शिक्षणासाठी आमच्याकडे राहणाऱ्या भाच्यास मासे पाळण्याचा नाद आहे. त्याने ‘फायटर’ माशांची जोडी काचेच्या टाकीत एकत्र सोडली. या जातीचा नर मोठा कुटुंबवत्सल. तो पाण्यावर बुडबुड्यांचे घरटे बांधतो, निसटलेले अंडे तोंडात धरून पुन्हा वर नेऊन ठेवतो. दीडएक दिवसात अंडी फुटली, आणि पुढील तीन दिवसांत शे-दीडशे पिले पोहू लागली. मादीस आधीच दूर केले होते. आता बापासही हलवावे लागले, कारण एवढी राखण करणारा हा बाप पोहत्या पिलांस गिळूही शकतो.

मग प्रश्न आला अन्नाचा. ही पिले डोळ्यांच्या पापणीच्या केसाएवढी. डबीतले कोरडे खाद्य त्यांच्या बहुधा उपयोगी पडत नाही. भक्ष्य हलले तरच ती त्यावर झडप घालतात. म्हणून भाच्याने बरणीभर पाण्यात कोबीचे पान कुजत ठेवले. प्रथम पाणी गढूळ झाले, मग काही दिवसांनी निवळले, आणि भिंगाखाली त्यात असंख्य सूक्ष्म जीव भिरभिरताना दिसू लागले. पहिले काही दिवस त्यांवर निभावले. पुढे आर्टेमियाची पाळी आली.

आर्टेमिया हा खाऱ्या सरोवरांत राहणारा, कोळंबीच्या दूरच्या नात्यातला जीव. अमेरिकेतील युटा प्रांताच्या ग्रेट सॉल्ट लेकमधून त्याची अंडी जगभर जातात. ती वर्षानुवर्षे सुकलेली राहूनही मरत नाहीत. लिटरभर पाण्यात २५-३० ग्रॅम मीठ घालावे, नळीने हवा सोडावी, ऊब द्यावी. २४ ते ३६ तासांत अर्ध्या मिलिमीटरहून लहान अशी नारिंगी पिले बाहेर पडतात. माशांच्या पिलांस हे अन्न मानवते, हे १९३३ साली अमेरिकेत सील यांनी आणि १९३९ साली नॉर्वेत रोलेफसेन यांनी दाखवून दिले, आणि तेव्हापासून मत्स्यपालनाचा तो एक मोठा आधार झाला. ही पिले टरफलांतून वेगळी करण्याची युक्ती मात्र आम्हांस बेचैन करून गेली. हवा बंद करून बरणीच्या एका बाजूस दिवा लावायचा. नवजात जीव प्रकाशाकडे धाव घेतात. ते तेथे गोळा झाले की नळीने ओढायचे, तलम फडक्यात गाळायचे, गोड्या पाण्याने धुवायचे आणि माशांस घालायचे. प्रकाशाकडे जाणे एवढेच ज्यांस कळते, त्यांस त्याच ज्ञानाने मरणाकडे न्यायचे!

तिसऱ्या दिवशी भाचा फडके हातात धरून म्हणाला, “मामा, हीसुद्धा पिल्लंच ना?”

आमच्यापाशी उत्तरे पुष्कळ होती. निसर्गात जीवच जिवावर जगतो, हे पहिले. परंतु तळ्यात हे घडते तेव्हा त्याचा कर्ता कोणी नसतो. येथे अंडी आम्ही विकत आणली, मीठ आम्ही घातले, दिवा आम्ही लावला. निसर्गाच्या नावावर आपले कृत्य खपविणे बरे नव्हे.

दुसरे उत्तर, इतक्या क्षुद्र जीवास वेदना कोठून होणार? ही रेषा नेमकी कोठे ओढावी, याविषयी विचारवंतांचे एकमत नाही. पीटर सिंगर यांनी १९७५ साली ती कोळंबी आणि कालव यांच्या मध्ये कोठेतरी ओढली. ब्रिटनच्या २०२२ च्या कायद्याने खेकडा आणि शेवंडा यांस संवेदनाक्षम प्राण्यांत स्थान दिले. आर्टेमिया त्या रेषेबाहेर राहिला. कदाचित ते योग्यही असेल. तथापि आपल्या सोयीची रेषा तीच खरी, असे मानण्याचा मोह प्रत्येकास होतो, आम्हांसही झाला.

बालपणी सांगलीस आमच्या शेजारी एक जैन आजी राहत. त्या विहिरीचे पाणी दुपदरी फडक्यातून गाळीत, आणि फडके धुतलेले पाणी त्याच विहिरीत हलकेच सोडीत. अडकलेले जीव आपल्या पाण्यात परत जावेत म्हणून. फडके तेच, गाळणे तेच. एका हाताने जीव वाचविण्यासाठी गाळले, दुसऱ्याने खाऊ घालण्यासाठी.

मग आम्ही गाळणे थांबवावयास हवे होते काय? आम्हांस तसे वाटत नाही. आमच्यामुळे जन्मास आलेली शे-दीडशे पिले उपाशी मारणे ही दया नव्हे. ती केवळ स्वतःचे हात स्वच्छ राखण्याची हौस. डबीतले खाद्य घालूनही सुटका नाही, कारण त्यातही बहुधा माशांचीच भुकटी असते. फक्त मारणारा हात आपल्या दृष्टीआड असतो. आम्ही ती पिले पोसली. आमची चूक बरणीपाशी झाली नव्हती. ती त्याआधी, जोडी एकत्र सोडताना झाली होती. त्या दिवशी आम्हां उभयतांस केवळ घरटे पाहावयाचे होते. दीडशे तोंडे काय खातील, आणि एकमेकांस फाडू पाहणारे त्यांतील नर वेगवेगळे कोठे ठेवावयाचे, हे कोणी विचारलेच नाही.

आमच्या मते नीतीच्या पुष्कळ प्रश्नांचे असेच होते. आपण त्यांस सामोरे जातो ते सर्व वाटा बंद झाल्यावर, आणि मग उरलेल्या दोन वाईटांतून एक निवडताना आपले मन किती कोमल आहे याचे कौतुक करीत बसतो. खरी निवड आनंदाच्या भरात, कोणाच्याही ध्यानात न येता, होऊन गेलेली असते.

भाच्याने त्या सायंकाळी चमचाभर आर्टेमिया पुन्हा खाऱ्या पाण्यात सोडले. चिमूटभर यीस्टवर त्यांतील नऊ वाढून सेंटिमीटरभर झाले, आणि आपल्या जातीच्या रीतीप्रमाणे उताणे पोहू लागले. हजारांत नऊ, हिशेबाने यास काही अर्थ नाही, हे त्यासही ठाऊक होते. दिवाळीच्या सुटीत त्याने विचारले, “मामा, पुन्हा जोडी सोडू का?” आम्ही म्हणालो, “पिले किती होतील, काय खातील, कोठे राहतील, हे आधी वहीत लिहून आण.” पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे त्याने लगेच लिहिली. तिसऱ्यापाशी तो थांबला, आणि जोडी अद्याप वेगवेगळ्या बरण्यांत आहे.