खिम्याची प्रतिष्ठा

पुण्याजवळच्या धायरीतल्या स्वयंपाकघरात ब्रिटिश पद्धतीचा बीफ बर्गर करायचा म्हटलं, की पहिला प्रश्न मांसाचा. महाराष्ट्रात 1976 च्या कायद्याने गोहत्येला बंदी होतीच. 2015 मध्ये बैल आणि वळूही त्या बंदीत आले. म्हशी-रेड्याचं मांस कायद्याला चालतं, तेव्हा घरचा बर्गर होणार तो त्याचाच. हे मांस गडद आणि कमी चरबीचं. नुसता खिमा थापून तव्यावर टाकला तर टिक्की कोरडी पडते, म्हणून दुकानातच थोडी चरबी घालून खिमा करून घ्यावा.

इंग्लंडात पुष्कळ घरांतून बर्गरच्या खिम्यात बारीक चिरलेला कांदा, पावाचा चुरा आणि अंडं घालतात. अमेरिकी बर्गरमध्ये बहुधा मांस आणि मीठ एवढंच. ब्रिटिश रीतीत मला काटकसर दिसते. दुसऱ्या महायुद्धात सुरू झालेलं मांसाचं रेशनिंग तिथे जुलै 1954 पर्यंत चाललं, आणि त्याच वर्षी लंडनमध्ये ‘विम्पी’ या नावाचे बर्गर मिळू लागले. चुरा घातला की तेवढ्याच खिम्यात आणखी एखादी टिक्की निघते. शिवाय मांसातून सुटणारा रस तो चुरा धरून ठेवतो. पुरवठ्याला आणण्याची युक्ती चवीच्याही कामी आली.

अशी हुशारी आपल्याकडेही आहे. शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हे पुस्तक मराठवाड्यातल्या महार आणि मांग समाजांच्या स्वयंपाकाची नोंद करतं. त्यातल्या चान्या म्हणजे मांसाच्या पट्ट्या उन्हात वाळवून केलेली बेगमी. कोणता भाग कसा शिजवावा, काय किती दिवस टिकेल, हे जाणणाऱ्या हातांचं ते काम. पण त्या जाणतेपणाला कुणी पाककला म्हटलं नाही. उलट ताटातल्या त्याच मांसावरून माणसांना गावकुसाबाहेर ठेवलं. आज तेच मांस गोल पावात, वर चीज वितळवून समोर आलं, की खाणारा आधुनिक ठरतो. हा अन्याय मला अस्वस्थ करतो.

बर्गर नीट करायलाही तोच जाणतेपणा लागतो. मीठ खिम्यात आधी मळलं तर मांस चिकट होऊन टिक्की घट्ट होते. ते तव्यावर टाकताना वरून भुरभुरावं. शिजताना टिक्की मधे फुगते, म्हणून अंगठ्याने खळगा करावा. अख्ख्या तुकड्याच्या पृष्ठभागावरचे जंतू खिमा करताना आतपर्यंत जातात, तेव्हा टिक्की पूर्ण शिजायलाच हवी. उलटल्यावर चेडरची चकती ठेवून झाकण घालावं. कडेने चीज ओघळू लागलं की उतरवावी.

धायरी 2017 मध्ये पुणे महापालिकेत आली. नोकरीसाठी राज्यभरातून आलेली कुटुंबं इथे एका जिन्याला लागून राहतात. शहर वाढलं तसं मनही वाढायला हवं. बर्गर आवडीने खाणाऱ्याने चान्यांना नाक मुरडू नये, आणि जो दोन्ही खात नाही त्याने शेजाऱ्याच्या ताटावरून त्याची पायरी ठरवू नये. घर भाड्याने देताना घरात काय शिजतं ही चौकशी बंद झाली, तर सुरुवात झाली म्हणता येईल.