अर्धी गोष्ट

नगरची थंडी ज्यांनी सोसली आहे त्यांना हिवाळ्यातल्या उन्हाची किंमत वेगळी सांगायला नको. (जिल्ह्याचे नाव 2024 साली अहिल्यानगर झाले, माझी जीभ मात्र अजून जुन्या वळणाने जाते, वाचकांनी तिला सांभाळून घ्यावे.) आमच्या गावच्या वाचनालयाच्या अंगणात नऊच्या सुमारास ऊन उतरते आणि हळूहळू भिंतीकडून फाटकाकडे सरकत जाते. त्याच्यामागोमाग आम्हीही सतरंजी सरकवत जातो. दिवाळीची सुट्टी लागल्यापासून संक्रांत होईपर्यंत दर रविवारी या सतरंजीवर मुलांची बैठक भरते. चित्रे, शब्दांच्या भेंड्या, प्रकट वाचन, एखाद्या वर्षी उत्साह टिकलाच तर हस्तलिखित अंक, आणि सर्वांत शेवटी गोष्ट. मुले खिशांतून शेंगा आणि बोरे घेऊन येतात. बैठक संपल्यावर टरफले वेचण्याचाही एक कार्यक्रम असतो, पण त्याची नोंद आमच्या वार्षिक अहवालात येत नाही.

गोष्ट सांगण्याचे काम माझ्याकडे आहे. शाळेत मी मुलांना शिकवते, कादंबऱ्याही लिहिते. पण माझी स्वतःची मजल मॅट्रिकपर्यंतच. त्यापुढचे जे काही शिक्षण झाले ते याच वाचनालयाच्या कपाटांनी केले. त्यामुळे रविवारचे हे काम मी ऋण फेडावे तसे करते, आणि ऋण फेडणाऱ्या माणसाच्या अंगी जो थोडासा ताठा येतो तोही माझ्या अंगी आलेला आहे. माझी एक युक्ती आहे. गोष्ट ऐन रंगात आली की मी थांबते. नायक विहिरीत लोंबकळत असतो, दोर तुटत आलेला असतो, आणि मी शांतपणे म्हणते, "आता पुढचे कपाटात." मुले ओरडतात, माझ्यावर चिडतात आणि कपाटाकडे धावतात. वाचनाच्या महत्त्वावरील दहा व्याख्यानांनी जे होत नाही ते एका तुटत्या दोराने होते. ही युक्ती काही माझी नव्हे. कीर्तनकारांनी आणि आज्यांनी ती केव्हाच शोधून ठेवली आहे. आजी झोप आली म्हणून थांबे आणि मी हेतू धरून थांबते, एवढाच काय तो फरक. पण दोन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात हा 'एवढाच' फरक माझ्या चांगलाच अंगाशी आला.

आमचा भाग कालव्याचा. भंडारदऱ्याचे धरण 1926 साली पुरे झाले, प्रवरेचे पाणी रानात खेळू लागले. पुढे 1950 च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकाराने आणि धनंजयराव गाडगीळांच्या साहाय्याने प्रवरेकाठी शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. तेव्हापासून आमचा हिवाळा म्हणजे गळिताचा हंगाम. ऊस तोडणारे हात मात्र बहुतेक बाहेरचे. ते बीडकडून येतात, आणि आमच्याच जिल्ह्याच्या पाथर्डी-शेवगाव-जामखेडच्या कोरडवाहू भागातूनही येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. पहाटे चारला फडावर जायचे, मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची. मागे कोपीवर थोरली मुलगी धाकट्याला सांभाळत राहते. मुलांसाठी साखरशाळा निघाल्या, गावाकडे हंगामी वसतिगृहे निघाली, 2009 च्या कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा हक्कही दिला. तरी दर हिवाळ्यात रस्त्याच्या कडेला ही मुले दिसतातच, वाढ्याच्या भाऱ्यांवर बसलेली.

त्यांतलीच एक, दहा-अकरा वर्षांची असेल, कडेवर भावाला घेऊन आमच्या फाटकाशी उभी होती. आत ये म्हटले तर आली, पण सतरंजीवर बसली नाही. कडेला मातीवर टेकली. त्या दिवशी मी भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेची गोष्ट सांगत होते. नेहमीप्रमाणे ऐन जागी थांबले. मुले कपाटाकडे पळाली. ही पोर माझ्यापाशी आली आणि म्हणाली, "बाई, पुढचं?"

"पुढचं पुस्तकात आहे. वाचता येतं ना?"

"येतं. चौथीत होते मी."

मी तिला ग्रंथपालांच्या टेबलापाशी नेले. आमचे ग्रंथपाल सज्जन गृहस्थ आहेत. मुलांशी बोलताना चष्मा काढून ठेवतात, म्हणजे डोळे मोठे दिसू नयेत. त्यांनी चष्मा काढला आणि सभासदत्वाचा अर्ज पुढे केला. पालकाची सही, आधार कार्डाची प्रत, वर्गणी, शंभर रुपये अनामत, आणि राहण्याचा पत्ता.

"राहतेस कुठे बाळ?"

"आता वरच्या मळ्यात. परवाच्याला दुसरीकडं जायचंय म्हणत्यात."

ग्रंथपालांनी माझ्याकडे पाहिले. त्या पाहण्यात दुष्टपणा नव्हता. 1967 च्या ग्रंथालय कायद्याने आपल्याकडे वाचनालयांना सरकारी अनुदान मिळते, त्यासाठी त्यांचे अ, ब, क, ड असे वर्ग ठरतात. आमचे वाचनालय त्या बाराखडीत बरेच खाली आहे. तिथल्या ग्रंथपालाच्या हातात जे पडते त्याला पगार म्हणणे हा भाषेचा दुरुपयोग होईल. आदल्या वर्षी पुस्तके कमी भरली तेव्हा त्यांनी स्वतःच्या खिशातून भरपाई केली होती, हे मला ठाऊक होते. नियम त्यांनी केला नव्हता, तो त्यांना छळत होता. मी म्हटले, "माझ्या कार्डावर द्या." प्रश्न सुटला असे आम्हा दोघांनाही वाटले.

पुढच्या रविवारी ती पुस्तक घेऊन आली. वर्तमानपत्राचे वेष्टण घातलेले, कुठे डाग नाही. "फुरसुंगीला ऊस असतोय का?" असे तिने मला विचारले. फास्टर फेणे फुरसुंगीचा. तेव्हा त्याचे गाव आपल्या वाटेवर कधी येईल का, असा तिचा हिशेब असावा. मी दुसरे पुस्तक दिले. तेही परत आले. इथे मला एक कबुली द्यायची आहे. दर रविवारी ती फाटकात दिसली की मला आनंद होई, आणि त्या आनंदात हायसे वाटणेही मिसळलेले असे. डॉक्टरांची किंवा दुकानदाराची मुले उशीर करतात तेव्हा मला आठवणही होत नाही. विश्वास टाकला असे मी म्हणत होते खरी, पण प्रत्यक्षात मी तिच्यावर पहारा करत होते.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात टोळी हलली. रात्रीत हलली. मळ्यात चुलीची काळी दगडे आणि चिपाडे तेवढी उरली. तिसरे पुस्तक तिच्याबरोबर गेले.

मार्चअखेर पुस्तकमोजणी झाली तेव्हा रजिस्टरात त्या पुस्तकापुढे 'गहाळ' असा शेरा पडला. मी किंमत भरली. रक्कम क्षुल्लक होती, पण तो शब्द माझ्या डोक्यातून जाईना. कपाटाच्या वरच्या फळीवर वीस वर्षे ज्यांचे पान कोणी उलटले नाही ती पुस्तके आमच्या लेखी सुरक्षित. आणि जे पुस्तक एखाद्या कोपीत, रॉकेलच्या नाही तर मोबाइलच्या उजेडात वाचले जात असेल ते गहाळ. युरोपातल्या जुन्या ग्रंथालयांत पुस्तके साखळीने फळीला जखडून ठेवीत. इंग्लंडात हेरफर्डच्या कॅथीड्रलमध्ये ती साखळ्यांसकट आजही पाहायला मिळतात. रंगनाथनांनी 1931 साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. पुस्तके वापरण्यासाठी असतात, हे त्यांतले पहिले. एवढी उघड गोष्ट सूत्र करून सांगावी लागली, यावरून साखळ्या किती मजबूत असतील याची कल्पना यावी.

कोणी म्हणेल, अनामत ही साधी व्यवहाराची गोष्ट आहे, तिच्यात नीतीचा प्रश्न कुठे आला? मलाही तसे वाटले असते. पण याच माणसांशी दुसरा एक व्यवहार होतो तो पाहा. हंगामापूर्वी मुकादम त्यांना उचल देतो, हजारांनी देतो. तो पत्ता विचारत नाही असे नाही, पण तारण मागत नाही; कारण त्यांचे हात हेच त्याचे तारण. म्हणजे पैसा त्यांच्यावर विश्वास टाकतो, तो त्यांना बांधून नेण्यासाठी. आणि ज्याने माणूस सुटावा असे आपण म्हणतो ते पुस्तक शंभर रुपयांसाठी अडते. हे काही मी क्रांतिकारक म्हणून लिहीत नाही. ज्या चहात मी साखर घालते तो चहा पीतच लिहिते आहे.

नगरचे जिल्हा वाचनालय 1838 सालचे, रत्नागिरीचे त्याहून दहा वर्षे आधीचे. ग्रंथालयांचे एवढे जुने वैभव आपल्या भाषेच्या वाट्याला आले आहे. पण वर्गणीने चालणारे वाचनालय सार्वजनिक म्हणवले तरी त्यातले 'सर्व' कोण, हे वर्गणीच ठरवते. सयाजीराव महाराजांनी हे ओळखले होते. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा हा शेतकऱ्याचा मुलगा बारा वर्षांचा होऊन बडोद्याला दत्तक जाईपर्यंत निरक्षर होता. 1910 साली त्यांनी अमेरिकेहून बोर्डन नावाच्या ग्रंथपालाला बोलावले, आणि बडोदे संस्थानातून पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या खेडोपाडी विनामूल्य फिरू लागल्या. अक्षरासाठी बारा वर्षे थांबलेल्या माणसालाच ती पेटी सुचावी, यात मला तरी नवल वाटत नाही.

या पेट्या डोक्यात घेऊन मी गेल्या वर्षी कार्यकारी मंडळापुढे गेले. जुनी पण धड असलेली पुस्तके एका पेटीत घालावी, ती कोप्यांवर ठेवावी. नोंद नको, मुदत नको, परत आली तर आली. मंडळी अनुकूल होती. दानाचा प्रस्ताव सहसा कोणी फेटाळत नाही. विरोध केला तो आमच्या ग्रंथपालांनी, ज्यांची डोकेदुखी त्यामुळे कमीच झाली असती.

"बाई," ते म्हणाले, "पेटी ठेवायची तर आपण आपल्या घरची ठेवू. वाचनालय दान करत नाही, ते उसनं देतं. उसनं आपण शेजारणीला देतो, बरोबरीच्या माणसाला देतो. भिक्षा घातली की परत कोण मागतं? त्या पोरीनं दोन पुस्तकं वेष्टण घालून परत आणली, ती कशासाठी? तिला परत मागितलं होतं म्हणून."

मला उत्तर सुचले नाही. मी औदार्य दाखवायला गेले होते आणि वही घेऊन बसणाऱ्या माणसाने मला आदर म्हणजे काय ते दाखवले. अर्थात त्याचे म्हणणे सबंध खरे आहे असेही नाही. परत आणण्याची संधी ज्याच्या हातात नाही त्याच्याकडे परत मागणे हा आदर की थट्टा? त्या पोरीला पुस्तक द्यायला यायचे असेलही. गाडी रात्री सुटली तेव्हा तिला कोणी विचारले नसणार. या दोन टोकांच्या मध्ये कुठे तरी वाट आहे, आणि ती चाचपडतच काढावी लागते.

आम्ही काढली ती अशी. अनामत नाही, वर्गणी नाही, आधार कार्ड नाही. वेगळी वही, पण नोंद पुरी. पत्त्याच्या रकान्यात मूळ गाव, आणि त्याखाली 'सध्या फडावर' असे. मुदत आठ दिवसांची नाही, कारखान्याचा पट्टा पडेपर्यंतची. गेल्या हंगामात काही पुस्तके परत आली, काही आली नाहीत. एक भिजून फुगलेले आले. आणणाऱ्या मुलाने त्याची पाने चुलीपाशी एकेक करून शेकली होती, कडा करपल्या होत्या. 'गहाळ' हा शेरा त्या वहीत अजून कोणी लिहिलेला नाही. लिहावा लागेलही. मंडळातले एक गृहस्थ मला भेटले की "तुमच्या फडावरच्या पुस्तकांचं कसं काय?" असे विचारतात, आणि त्यांचा प्रश्न अगदीच अस्थानी आहे असे म्हणण्याची माझी छाती नाही.

आणखी एक बदल झाला. गोष्ट मी अजूनही अर्धीच सांगते. पण सतरंजीच्या कडेला मातीवर कोणी बसलेले असेल तर बैठक संपल्यावर त्याच्यापाशी थांबते, आणि पुस्तक हाती पडले की नाही ते पाहिल्यावाचून घरी जात नाही. पुस्तक शिल्लक नसेल तर उरलेली गोष्ट तिथेच सांगून टाकते. माझी सुंदर युक्ती त्यामुळे बिघडते. बिघडू दे.

यंदा दसरा झाला आणि पहिल्या टोळ्या दिसू लागल्या. ट्रॅक्टरमागच्या ट्रॉलीत भांडी, गोधड्या, कोंबड्या आणि मधोमध पोरे. परवा वाचनालयात गेले तर ग्रंथपाल नव्या हंगामाची वही आखत बसले होते. रेघा मारून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला.

"दोन वर्षांमागची ती पोर यंदा आली तर," ते म्हणाले, "जुनं पुस्तक तिच्या नावावर आधी चढवून घेऊ, म्हणजे तिला परत करता येईल. नाव काय हो तिचं?"

मी पुष्कळ आठवून पाहिले. मग माझे जुने कार्ड काढले. तीन पुस्तके, तीन तारखा, आणि प्रत्येकीपुढे माझे नाव.