कच्चा लिंबू

आमच्या लहानपणी आळीत खेळ रंगात आला, की हटकून कोणाचे तरी धाकटे भावंड चड्डी सावरीत येऊन उभे राही आणि म्हणे, "मलाही घ्या." मोठाच पेच पडे. घेतले नाही तर ते घरी जाऊन सांगणार. घेतले तर पहिल्याच डावात बाद होऊन भोकाड पसरणार. या पेचातून मराठी मुलांनी फार पूर्वीच एक तोड काढून ठेवली आहे. ती म्हणजे कच्चा लिंबू. कच्च्या लिंबाने सगळ्यांबरोबर पळावे, ओरडावे, हसावे. पण तो बाद झाला तरी बाद नाही आणि त्याने कोणाला शिवले तरी तो शिवलेला नाही. खेळ मोठ्यांसाठी जसाच्या तसा अवघड राहतो आणि धाकट्यासाठी सोपा होतो. या युक्तीचे मला आयुष्यभर कौतुक वाटत आले. गेल्या दिवाळीत मात्र माझ्या सात वर्षांच्या नातीने एका प्रश्नात तिची किंमत करून टाकली.

गेली काही वर्षे मी पनवेलजवळच्या कोन गावी थोरल्या मुलाकडे राहतो. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरचे हे गाव. जिथे भातखाचरे होती तिथे आता उंच इमारती आहेत आणि द्रुतगती मार्गाची घरघर रात्रीही थांबत नाही. समोर प्रबळगड आणि त्याच्या शेजारचा कलावंतिणीचा सुळका दिसतो. आमच्या आवारात मुलांना किल्ला करायला मातीसुद्धा उरलेली नाही, सगळीकडे फरशी. तरी मुलांनी कुठून तरी चार पोती माती आणली आणि जिन्याखाली प्रबळगड उभा केला. हळीव पेरले, मावळे मांडले. दिवाळीला धाकटा मुलगा पुण्याहून आपल्या कुटुंबासह आला आणि घर भरून गेले.

थोरल्या नातवाने या सुट्टीत एक नवा खेळ आणला होता. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हे त्याचे नाव. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकन गृहस्थांनी तो १९७४ साली तीन लहान पुस्तिकांच्या रूपाने प्रसिद्ध केला. यात पट नसला तरी चालतो. एकाने सूत्रधार व्हायचे आणि प्रसंग सांगायचा. बाकीच्यांनी एकेक सोंग घ्यायचे आणि आपण काय करतो ते बोलायचे. जिथे यश-अपयशाचा प्रश्न येईल तिथे फासा टाकायचा. ऐकल्यावर मी म्हणालो, "अरे, ही तर आमची भातुकलीच!" नातू सौजन्याने हसला आणि त्याने माझ्या मांडीवर नियमांचे पुस्तक ठेवले. पाने तीनशेच्या वर!

भाऊबीजेच्या आदल्या संध्याकाळी सगळी मुले गोल करून बसली. सोंग घ्यायचे म्हणजे काय काय ठरवायचे! वंश कोणता, पेशा कोणता, बळ किती, चपळाई किती, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि चारचौघांत छाप पाडण्याची शक्ती किती, हातात शस्त्र कोणते, पाठीवरच्या पिशवीत सामान काय. चार बाजूंच्या फाशापासून वीस बाजूंच्या फाशापर्यंत फाशांची रास पडलेली. दोन तास झाले तरी खेळाला सुरुवात नाही. थोरल्याला आणि त्याच्या पुण्याच्या चुलतभावाला या निवडीतच ब्रह्मानंद होत होता. धाकटी नात मात्र दर प्रश्नाला "म्हणजे काय?" विचारून विचारून दमली आणि चकलीचा तुकडा हातात धरून माझ्या मांडीवर झोपी गेली.

दुसऱ्या दिवशी थोरल्याने भावाच्या मायेने उपाय काढला. "तुला काही ठरवायला नको. मी सांगतो तसे कर आणि नुसता फासा टाक." ती खूश झाली. एका राक्षसाशी गाठ पडली. तिने फासा टाकला. वीसपैकी दोन पडले. थोरला म्हणाला, "शाबास! राक्षस पळाला." पुन्हा फासा, या वेळी तीन. "वा! दार उघडले." तिसऱ्या खेपेस तिने फासा मुठीत तसाच धरून ठेवला. भावाकडे पाहिले आणि शांतपणे विचारले, "दादा, मग मी फासा कशाला टाकू?"

खोलीत कोणी बोलेना. मला तर चोरी पकडली गेल्यासारखे झाले. कारण दादाने केले होते ते आम्ही पिढ्यान्‌पिढ्या करीत आलो आहोत. कच्च्या लिंबाला आम्ही खेळात घेतो खरे. पण त्याची धाव जमेस धरीत नाही. त्याला सगळे मिळते, फक्त परिणाम मिळत नाही. आणि ज्याच्या करण्याने काहीच बदलत नाही त्याला खेळाडू कसे म्हणावे? तो खेळात असतो एवढेच.

तेव्हापासून मी खेळांच्या नियमांचा जरा विचार करू लागलो. वरवर पाहता प्रश्न एवढाच दिसतो, की नियम सोपे असावेत की खेळाडूला पर्याय भरपूर असावेत. एका टोकाला सापशिडी. तिचा जुना अवतार जो मोक्षपट, त्याच्याशी आपल्याकडे परंपरेने ज्ञानेश्वरांचे नाव जोडले जाते. तिथे दान पडेल तसे चालायचे. खेळाडूच्या हाती काही नाही. मूलही तो पहिल्या मिनिटात शिकते, पण त्यात शहाणे कोणी होत नाही. आमच्या कोनच्या काही घरांची कथा याच जातीची. म्हाडाने २०१६ साली गिरणी कामगारांसाठी काढलेल्या सोडतीत इथली घरे होती. जन्म गेला गिरण्यांच्या सावलीत, मुंबईत. आणि दान पडले कोनचे! सोडतीत पक्षपात नाही, हा तिचा मोठाच गुण. पण चिठ्ठी निघाली म्हणून माणसाने काही निवडले, असे कोणी म्हणणार नाही.

दुसऱ्या टोकाला नातवाचे ते तीनशे पानी पुस्तक. तिथे पर्यायांची गर्दीच इतकी, की जो आधीपासून जाणता आहे त्यालाच ते पर्याय दिसतात. नवख्याला त्या गर्दीत दार सापडत नाही. त्या खेळाच्या कर्त्यांनाही हे जाणवले असावे; कारण १९७७ साली नवशिक्यांसाठी एक सोपी पेटी निघाली आणि त्याच साली जाणत्यांसाठी वेगळ्या, भारदस्त ग्रंथांची मालिका सुरू झाली. एका घरात दोन चुली मांडण्यासारखेच हे. भांडण मिटते, पण पंगत मोडते.

मग दोन्ही साधणारा खेळ जगात नाहीच काय? मला आठवला तो आपला खो-खो. पाठलाग करणाऱ्यावर बंधने किती कडक! एकदा धरलेली दिशा खांबापर्यंत सोडायची नाही, मधली पाटी ओलांडायची नाही. आठ जण आळीपाळीने विरुद्ध दिशांना तोंड करून बसलेले. त्याला मोकळीक काय ती एवढीच, की खो कधी द्यायचा आणि कोणाला. परंतु त्या एका निवडीत सारा खेळ साठवला आहे. नियम दहा मिनिटांत कळतात; खो देण्याची वेळ साधायला मात्र वर्षे जातात. पुढे २०२२ साली पुण्याला बालेवाडीत अल्टिमेट खो-खोचा पहिला हंगाम झाला, त्यात 'वजीर' आणला गेला. या एका गड्याला कोणत्याही दिशेला पळण्याची मुभा. जुन्या खेळाडूंनी यावर नाके मुरडली असतील, पण मला ती भर शहाणपणाची वाटते. सगळ्यांची बंधने न सोडता एकालाच मोकळे सोडले, म्हणून तर त्या मोकळिकीला किंमत आली.

तेव्हा माझ्या ध्यानात आले ते असे, की पर्याय किती हा प्रश्न दुय्यम आहे. पहिला प्रश्न हा, की जो पर्याय दिला तो खरा आहे काय? मी हे किंवा ते केले तर जग थोडे तरी वेगळे होणार आहे काय? असे खरे पर्याय दोनच असले तरी माणूस खेळाडू होतो. आणि पर्याय दोनशे असून शेवट ठरलेलाच असेल, तर तो मोठा झालेला कच्चा लिंबूच.

त्या संध्याकाळी नातू आणि मी वहीचे अर्धे पान घेऊन बसलो. प्रत्येकाने आपल्या सोंगाबद्दल तीनच गोष्टी ठरवायच्या: मला काय चांगले येते, मला कशाची भीती वाटते आणि माझ्या हातात काय आहे. साधा सहा बाजूंचा फासा. चार किंवा जास्त पडले तर जमले. चांगले येणारे काम असेल तर एक दान जास्त. आणि शेवटचा नियम नातीने सांगून लिहवून घेतला: "पडेल ते खरे धरायचे." प्रसंग मात्र परदेशी राक्षसांचा नको, जिन्याखालच्या किल्ल्याचा घ्यायचा ठरला. गडाला वेढा पडला आहे आणि रात्री चोरवाटेने उतरायचे आहे. नात झाली मशालजी. येते काय? अंधारात वाट काढणे. भीती कशाची? अंधाराची. हातात काय? अर्थातच मशाल.

खेळ रंगला. उतारावर एक म्हातारा पहारेकरी मागे राहिला. त्याला मशाल दिली तर तो सुटतो, पण ही अंधारात राहते. सूत्रधार झालेला दादा थांबला आणि वाट पाहू लागला. नातीने बराच विचार केला आणि मशाल दिली. पुढे वाट काढायला फासा टाकला; एक पडला. चुकून दोन दाने हाती होती. दुसरे पडले तीन. ती अडकली. दादाच्या तोंडावर दया दिसू लागली. तो म्हणाला, "चल, चंद्र उगवला असे समजू." ती ओठ चावीत म्हणाली, "नको. लिहिलंय ना." आणि मग खरोखरच रडली. रात्री जेवली नाही धड. पण सकाळी दात घासता घासता पहिला प्रश्न तिचाच होता: "आज मला सोडवायला कोण येणार?"

हे अर्धे पान म्हणजे सर्वांवरचा तोडगा, असे मात्र मी म्हणणार नाही. पुण्याचा नातू दुसऱ्याच दिवशी कुरकुरू लागला, की सगळ्यांची सोंगे सारखीच वाटतात. त्याला तलवारबाज आणि तिरंदाज यांच्यात फरक हवा होता. त्याचेही खरेच होते. जाणत्याला त्याच्या जाणतेपणाला वाव मिळाला नाही, तर तोही एक अन्यायच. शिवाय एक गोष्ट मला खटकली. नियम थोडे झाले, तसा सूत्रधाराचा अधिकार वाढला. जे पानावर लिहिलेले नाही ते सारे दादाच्या मनावर. दादा भला आहे म्हणून निभावले. जिथे निवाडा करणारा भला नसेल, तिथे दुबळ्याला तीनशे पानांचाच आधार वाटेल, आणि त्याला तसा वाटला तर त्याला हसू नये. गावच्या पंचांच्या तोंडी निवाड्यापेक्षा लेखी कायदा बरा, असे लोकांना वाटू लागले ते काही उगीच नव्हे.

मग आम्ही एक रीत पाडली. नियम आधी लिहून ठेवायचे नाहीत. खेळता खेळता कोणी विचारले, "मला असे करता येईल का?" तर सर्वांनी मिळून ठरवायचे, आणि ठरले की पानावर चढवायचे, मग ते दादालाही बांधील. तिरंदाजाला लांबून बाण मारायचा होता, एक ओळ वाढली. नातीला पहारेकऱ्याशी गोड बोलायचे होते, आणखी एक वाढली. सुट्टी संपेपर्यंत अर्ध्या पानाची दोन पाने झाली. पण त्यांतली प्रत्येक ओळ कोणाला तरी हवी होती म्हणून आली होती, आणि म्हणूनच ती सातव्या वर्षीही समजत होती.

इथे थांबलो असतो तर हा निबंध सुखाचा झाला असता. पण मुले जाण्याच्या आदल्या रात्री दोघे मुलगे माझ्याजवळ येऊन बसले. आमचे गावाकडचे जुने घर विकण्याविषयी बोलणे होते. "आबा, तुम्हाला काय वाटते?" थोरल्याने विचारले. त्याच्या हातात कागद होते. किंमत ठरली होती, गिऱ्हाईक ठरले होते, फक्त माझी सही व्हायची होती. अशा वेळी मी आजवर "तुम्ही म्हणाल तसे" म्हणत आलो. पोरे प्रेमाने विचारतात, मी प्रेमाने मान डोलावतो. त्या रात्री मात्र तोंडून निघून गेले, "बाळांनो, मग मी फासा कशाला टाकू?"

दोघे एकमेकांकडे पाहू लागले. धाकटा काही बोलणार होता, पण थोरल्याने कागद दुमडले. म्हणाला, "आबा, तुळशीचे लग्न होऊन जाऊ दे. तुम्ही नाही म्हणालात, तर नाही."

मला वाटले होते, हे ऐकून मला फार समाधान होईल. तसे झाले नाही. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. पोरांना पैशाची गरज आहे, हे मला ठाऊक आहे. त्या घराच्या पडवीत माझी आई बसत असे, हेही ठाऊक आहे. मान डोलावण्यात एक सुख होते, ते आता गेले. अंथरुणात पडल्या पडल्या द्रुतगती मार्गाची घरघर ऐकत होतो. शेजारच्या खोलीत मशालजी गाढ झोपला होता. पहाटेपर्यंत माझे काही ठरले नाही. पण आता ठरवायचे मलाच आहे, आणि पडेल ते खरे धरायचे आहे.